कुंपणावरचा कोट

फेझंट म्हणजे आमच्याकडचा लांब शेपटीचा रानकोंबडा. ऑक्टोबरातला फेझंट आणि बर्फ पडल्यानंतरचा फेझंट यांच्यात लग्नाआधीच्या आणि लग्नानंतरच्या माणसाइतका फरक असतो. ऑक्टोबरात तो भोळा असतो. मक्याच्या शेतातून नुसतं चालत गेलं तरी पायाखालून फडफडत उडतो आणि आपण होऊन पातेल्यात येतो म्हणा ना. त्या दिवसांत मिनेसोटाहून, शिकागोहून पाहुणे नव्याकोऱ्या टोप्या घालून येतात, भोळे सगळे मारून नेतात. जानेवारीपर्यंत टिकतात ते लबाड. गाडीचं दार आपटलं की यांचे कान टवकारतात. कुत्रं मागे लागलं तर उडायचं सोडून डोकं खाली घालून पळतात. इकडून माणूस दलदलीतल्या पाणकणसांत शिरेपर्यंत हे महाशय तिकडच्या टोकाने बाहेर पडून शेजाऱ्याच्या रानात पोचलेले.

म्हणून आमच्या दक्षिण डकोटात थंडीतली शिकार एकट्याने होत नाही. एकाने कुत्रं घेऊन दाटीतून चालायचं आणि दुसऱ्याने पलीकडच्या टोकाला जाऊन नुसतं उभं राहायचं. त्याला 'टोक धरणं' म्हणतात. पळत आलेल्या पक्ष्यांना समोर माणूस दिसला की ते थबकतात, तिथेच दबून बसतात, मग कुत्रं त्यांना उठवतं. टोक धरणाऱ्याला आणखी एक काम असतं. मादी मारायची नाही, हा कायदाही आहे आणि इमानही. तेव्हा पक्षी उठला की ज्याला आधी दिसेल त्याने 'कोंबडा' किंवा 'कोंबडी' अशी आरोळी द्यायची.

ऑर्डेल रुस्ताडचं टोक सगळा जन्म एकाच माणसाने धरलं. त्याच्या बायकोने, लव्हॉनने.

ऑर्डेल हा नॉर्वेहून आलेल्यांचा नातू. एका खोलीच्या शाळेत आठवीपर्यंत शिकला आणि तिथे त्याने जेवढे शब्द वापरले तेवढ्यांवरच पुढचं आयुष्य काढलं, असं लोक म्हणत. लव्हॉनला मागणी घालायची वेळ आली तेव्हाही त्याने फार बोलणं टाळलं. तिला विचारलं, रविवारी दलदलीचं टोक धरायला येशील का. ती तांबड्या चौकडीचा लोकरी कोट घालून आली आणि उभी राहिली. ते उभं राहणं चाळीस वर्षांहून जास्त चाललं.

ती मात्र बोलायची. फोनवर, चर्चमध्ये, दुकानात, गाईंशीसुद्धा. शिकारीत गप्प राहावं लागतं म्हणून ती म्हणायची, आमच्या संसारात एवढा एकच तास हा माणूस माझ्यापेक्षा जास्त बोलतो. खरं तर तेव्हाही तो बोलायचा नाही. कुत्र्याला हाताने खुणा करायचा.

लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. एक कोंबडा खालून, अगदी कणसांच्या शेंड्यांवरून सरळ तिच्या दिशेने गेला आणि ऑर्डेलने भान न राहून बार काढला. छर्रे तिच्या बाहीवर गारांसारखे टपटपले. लागलं काही नाही, लोकर जाड होती. पण ती जागची हलली आणि सबंध दलदल तुडवत त्याच्यापाशी आली. त्याच्या हातातून दुनळी काढून घेतली, पिकअपमध्ये ठेवली, गाडी चालू केली आणि घरी निघून गेली. नवरा आणि कुत्रा अंधार पडल्यावर चालत आले. जेवण झाकून ठेवलेलं होतं, पण त्या जेवणाबरोबर एक शब्द वाढलेला नव्हता. त्यानंतर खालून टोकाकडे जाणाऱ्या पक्ष्यावर ऑर्डेलने कधी बंदूक उचलली नाही. उचलायची नाही असं ठरवावंही लागत नव्हतं. हातच वर यायचा नाही.

लव्हॉन गेली त्याला दोन वर्षं होत आली. वसंतात गेली, गाळात गाड्या रुतायच्या दिवसांत. आमच्याकडे घरात मयत झालं की बायका तोंडाने फारसं बोलत नाहीत, भट्टीत भाजून आणतात. बटाटे-खिम्याची भांडी, शेवयांची भांडी, भट्टीत जास्त राहून कोरडी पडलेली भांडी. प्रत्येकीच्या भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. भांडं परत करायचं असतं आणि ते रिकामं द्यायचं नसतं. दोन सफरचंदं घाला, मूठभर बिस्किटं घाला, पण काहीतरी घाला. ऑर्डेलला शेवटी उपाय सापडला. लुथेरन चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात एक फळी आहे, तिथे बेवारस भांडी ठेवतात. त्याने एका संध्याकाळी सगळी तिथे रचून ठेवली. कोण ठेवून गेलं, रिकामी की भरलेली, कुणी विचारत नाही.

एक भांडं उरलं. ते अल्बिना कोटालिकचं होतं, दलदलीच्या पलीकडच्या अंगाला राहणाऱ्या शेजारणीचं. अल्बिना बोहेमियन, म्हणजे चेक लोकांतली, म्हणजेच कॅथलिक. तिचं भांडं लुथेरन फळीवर ठेवण्यात अर्थ नव्हता, ते तिच्याच हातात द्यायला हवं होतं. आणि तिच्या भांड्यात घालायचं काय? पंचक्रोशीत अल्बिनासारखे कोलाचे कुणाला जमत नव्हते. आलुबुखारा आणि खसखस भरलेल्या त्या गोड पावांसाठी लुथेरन लोक कॅथलिकांच्या जत्रेला जात. अशा बाईच्या भांड्यात दुकानातला केक घालून न्यायचा म्हणजे तिच्या तोंडावर मारण्यासारखं. ऑर्डेलला स्वतःला एकच पदार्थ येत होता. शिकार तुझी तर रांधणंही तुझं, असा लव्हॉनचा नियम होता. त्यामुळे फेझंटचे तुकडे पिठात घोळवून लोण्यात तांबूस करायचे आणि कांदा, साय घालून मंद भट्टीत ठेवायचे, एवढं तो डोळे मिटून करायचा.

तेव्हा त्याने ठरवलं, थंडीत कोंबडा पडला की भांडं परत करू. थंडी आली. पण त्या पहिल्या वर्षी त्याने कपाटातून बंदूकच काढली नाही. भांडं फडताळातच राहिलं. सहा महिने ठेवलेलं भांडं परत करणं कठीण, वर्षभर ठेवलेलं त्याहून कठीण. रस्त्यात अल्बिनाची गाडी समोरून आली की तो स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, तीही उचलायची. पूर्वी लव्हॉन आणि अल्बिना यांचा फोन तासन् तास अडकलेला असायचा. आता दोन घरांमध्ये नुसती दलदल होती.

गावातल्या कॉफीच्या टेबलावर जाणंही त्याने हळूहळू सोडलं. घरात बोलायला टूट्सी होती, काळी लॅब्राडोर. मागचे पाय धरलेले, थोबाड पांढरं, पलंगावर चढायचं तर आधी माणसासारखी उसासा टाकणारी. ऑर्डेलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. डॉक्टर म्हणाले, सोपं आहे, दुपारी घरी जाल, फक्त घरी न्यायला कुणीतरी गाडी घेऊन यायला हवं. ऑर्डेलने मान डोलावली, विचार करतो म्हणाला आणि परत आला. कुणाला विचारायचं, हा तो विचार होता.

या वर्षी नाताळाच्या सुमाराला गॅसची टाकी भरायला डुएन आला. डुएन म्हणजे चाकांवरचं वर्तमानपत्र. नळी लावता लावता त्याने सांगितलं की अल्बिनाने शेत विकून टाकलं, सामान बांधतेय, नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुलीकडे ॲरिझोनाला निघतेय, कायमची. ऑर्डेल 'असं का' म्हणाला. डुएन गेल्यावर त्याने फडताळ उघडून भांडं खाली काढलं, पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मग कपाटातून दुनळी काढली.

टोक धरायला माणूस नव्हता. त्याने लव्हॉनचा तांबडा कोट घेतला, दलदलीच्या पश्चिम टोकाला अल्बिनाच्या हद्दीवरच्या कुंपणाच्या खांबावर चढवला, वर तिची कानटोपी घातली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून सुतळीने कमरेशी आवळला. लांबून हुबेहूब. त्या खांबासमोरच अल्बिनाच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या डोक्यात फेझंट होते.

कोटाचा उपयोग झाला. पक्षी थबकायला लागले. पण उठले की मावळतीच्या उजेडात आणि डोळ्यांतल्या धुक्यात त्याला नुसती काळी फडफड दिसायची. कोंबडा की कोंबडी सांगायला कोण होतं? मादी पडली तर, या भीतीने तो बंदूक खांद्याला लावायचा आणि खाली घ्यायचा. टूट्सी दर वेळी वळून त्याच्याकडे बघायची. कष्ट मी करायचे आणि तू नुसतं आकाश बघतोस, असं ते बघणं होतं.

डुएनने रस्त्यावरून जाताना कोट पाहिला आणि कॉफीच्या टेबलावर सांगितला. ऑर्डेल पेट्रोल भरायला गेला तेव्हा तिथल्या एकाने टोमणा मारलाच. "काय रे रुस्ताड, मेल्यावर तरी सुट्टी दे की तिला."

ऑर्डेल हसला. घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

हंगामाचा शेवटचा दिवस रविवारी आला. गुरुवारी अल्बिना जाणार होती. रात्री बर्फ पडून गेलं होतं आणि वायव्येचा वारा सुटला होता. ऑर्डेलने दुपारी कोट खांबावर चढवला, वळसा घालून पूर्वेच्या टोकाला आला. पिकअपचं दार लावलंच नाही, नुसतं लोटलं. टूट्सीला उचलून खाली ठेवलं. काडतुसं भरली. वारा तोंडावर येत होता, म्हणजे कुत्रीच्या नाकाला सोयीचा. सूर्य मात्र समोर, बरोबर डोळ्यांत.

दोघं पाणकणसांत शिरले. खाली बर्फाचा पापुद्रा पावलागणिक मोडत होता. डोक्याएवढ्या कणसांचा कापूस सुटून ऑर्डेलच्या भुवयांना, टूट्सीच्या पाठीला चिकटत होता. ताज्या बर्फावर पक्ष्यांच्या बोटांच्या नक्ष्या पुढे पुढे गेलेल्या. टूट्सी लंगडत चालली होती, पण दलदलीच्या मध्यावर तिची शेपटी फिरायला लागली आणि बारा वर्षांची कुत्री बघता बघता दोन वर्षांची झाली. नाक खाली, कान मागे. पक्षी पुढे पळत होते. ऑर्डेलला दिसत नव्हते, पण टूट्सीच्या शेपटीवर त्याला सगळं वाचता येत होतं.

टोकाकडे दलदल चिंचोळी होत जाते. तिथे पोचल्यावर टूट्सी थांबली. समोर उन्हाच्या झळाळीत तांबडा ठिपका दिसत होता. ऑर्डेलला वाटलं, तो हलला. वारा असेल.

पहिला पक्षी उठला तो खालून, शेंड्यांना घासत, थेट त्या तांबड्या ठिपक्याकडे. कर्कश ओरडत गेला, म्हणजे कोंबडाच. डोळ्यांची गरजच नव्हती. सोपा बार होता. टेबलावरचं भांडं, दोन वर्षं, गुरुवार, सगळं त्या एका पक्ष्यावर बसून चाललं होतं. आणि ऑर्डेलचा हात वर आला नाही. कोट आहे, सुतळीने बांधलेला नुसता कोट आहे, असं तो स्वतःला सांगेपर्यंत पक्षी कोटावरून पलीकडे गेला.

तो तिथेच उभा राहिला. लाकडी खांबाला वाचवण्यासाठी आपण हातची शिकार घालवली, हे गावात कळलं तर पुढची दहा वर्षं कॉफीला साखर लागणार नाही, असं त्याच्या मनात आलं. टूट्सी मात्र थांबली नव्हती. तिने कणसांच्या शेवटच्या पुंजक्यात उडी घेतली आणि दुसरा पक्षी उठला. हा काही न ओरडता सरळ वर चढला, उंच, सूर्यात. काळी फडफड.

ऑर्डेलने बंदूक लावली, आणि खाली घ्यायला लागला.

"कोंबडा," कोटातून आवाज आला. "कोंबडा आहे ऑर्डेल, हाण!"

त्याने विचार केला नाही. चाळीस वर्षांत त्या टोकाहून आलेल्या आवाजावर त्याने कधी विचार केला नव्हता. बार झाला, फडफड वाकडी झाली आणि कणसांत पडली. टूट्सी तिकडे धावली. मग ऑर्डेलला कळलं की आपण काय ऐकलं, आणि तो डोळ्यांवर हात धरून त्या तांबड्या ठिपक्याकडे बघायला लागला.

कुत्री बराच वेळ दिसली नाही. पंख मोडलेला कोंबडा पळत असणार. कणसं इकडे हलली, तिकडे हलली, मग थांबली. टूट्सी बाहेर आली तेव्हा तोंडात तांबूस सोनेरी पक्षी होता, लांब शेपूट बर्फावरून ओढत येत होती. ती ऑर्डेलकडे आली नाही. सवयीप्रमाणे ती तांबड्या कोटाकडे गेली. पूर्वी पक्षी घ्यायची ती लव्हॉन, आणि घेताना कानामागे खाजवायची. टूट्सीने पक्षी वर धरला. कोटाच्या बाहीतून हात आला आणि त्याने तो घेतला. टूट्सीने हात हुंगला, क्षणभर अडखळली आणि तरीही पायांशी बसली.

ऑर्डेल जवळ गेला तेव्हा कानटोपीखाली अल्बिना होती. डोळे वाऱ्याने म्हणा, कशाने म्हणा, लाल झालेले.

आपण होऊनच ती सांगायला लागली. नाताळापासून रोज दुपारी चहा ठेवायला खिडकीपाशी जावं तर बाहेर लव्हॉन उभी. पहिल्या दिवशी तिच्या हातून किटली पडली. मग सवय झाली. मग ती खिडकीतून तिच्याशी बोलायला लागली, आज अमुक खोकं भरलं, आज तमुक टाकून दिलं. आज मात्र तिला राहवलं नाही. कोट काढून न्यावा आणि ऑर्डेलच्या तोंडावर फेकावा म्हणून ती आली होती. पण येताना घाईत स्वेटरवरच आली, थंडी हाडात शिरली, म्हणून अंगात घातला. तेवढ्यात कुत्री दिसली. मग हलायचं कसं? टोक धरलेलं असताना हलायचं नसतं, एवढं बोहेमियन लोकांनाही कळतं.

"पहिल्यावर बार का काढला नाहीस?" तिने विचारलं.

"खालून गेला. टोकाला माणूस होतं."

"तुला काय माहीत मी होते?"

"नव्हतं माहीत," ऑर्डेल म्हणाला.

अल्बिना पक्ष्याची पिसं बोटाने सारखी करत राहिली. मग म्हणाली, "माझं भांडं कुठाय?"

"टेबलावर आहे. घालायला काही नव्हतं त्यात."

"दोन वर्षं?"

"मला एवढंच करता येतं." त्याने पक्ष्याकडे हनुवटी उडवली.

"मला वाटलं, माझ्यावर राग धरलास. शेवटच्या दिवसांत मी तिला बघायला कमी आले म्हणून."

ऑर्डेलला हे कधी सुचलंही नव्हतं. त्याने नुसती मान हलवली. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे होते आणि मध्ये तो रिकामा खांब. मग अल्बिनाने विचारलं, दुसऱ्या पक्ष्याला बंदूक खाली का घेत होतास, दिसत नाही की काय. ऑर्डेलला मोतीबिंदूचं सांगावं लागलं. घरी न्यायला माणूस हवं, हेही.

"मी रोज काय करत होते, ऑर्डेल? खिडकीत उभी होते," ती म्हणाली. "विचारायचंस."

सोमवारी दुपारी तो भांडं घेऊन अल्बिनाकडे गेला. मधे खोकी रचलेली होती, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. टेबल विकलं गेलं होतं, तेव्हा खोक्यावरच ताटल्या मांडल्या. साय घालून शिजवलेला फेझंट दोघांनी खाल्ला. अल्बिनाला एक छर्रा दाताखाली लागला तो तिने ताटलीच्या कडेला टिणकन ठेवला आणि म्हणाली, लव्हॉनच्या हातचा यापेक्षा बरा असायचा. ऑर्डेल म्हणाला, लव्हॉनने जन्मात कधी फेझंट शिजवला नाही, सगळा माझ्याच हातचा. अल्बिना इतकी हसली की तिला खाली मान घालून डोळे पुसावे लागले. इतकी वर्षं फोनवर ती फुशारकी मारत होती, म्हणाली. ती दुपार त्यांनी अशीच काढली, लव्हॉनच्या एकेक थापा उघड्या पाडत. निघताना अल्बिना कोट काढून द्यायला लागली. ऑर्डेल म्हणाला, असू दे अंगावर. भांडं मात्र तिने ठेवून घेतलं.

गुरुवारी सकाळी तो गोठ्यातून आला तर पायरीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, अजून ऊन. अल्बिनाचंच ते भांडं, कोलाचेंनी गच्च भरलेलं, अर्धे आलुबुखाऱ्याचे, अर्धे खसखशीचे. गाडीच्या चाकोऱ्या ताज्या होत्या. तो तसाच बुटांनिशी पिकअपमध्ये बसला आणि वळसा घालून पलीकडे गेला. घराला कुलूप होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा नव्हता, आत काही दिसत नव्हतं. लव्हॉनचा लोकरी कोट ॲरिझोनाच्या वाटेला लागला होता, जिथल्या उन्हात तो घालायला एकही दिवस मिळणार नाही.

घरी येऊन त्याने एक कोलाचे खाल्ला, अर्धा टूट्सीला दिला. बाकीचे पुरवून पुरवून खाल्ले. भांडं रिकामं झालं तेव्हा धुतलं, उलटं करून पुसलं. बुडाशी चिकटपट्टी नवी होती. नावाखाली आता लांबच्या गावाचा पत्ता होता, आणि रिकामं तर पाठवता येत नाही.

त्याने ते फडताळात ठेवलं नाही, टेबलावरच ठेवलं. टूट्सी दाराशी जाऊन उभी राहिली, तिची दुपारची वेळ झाली होती. हंगाम संपल्याचं तिला कोण सांगणार. त्याने दार उघडलं. दोघं पायरीवर उभे राहून दलदलीकडे बघत राहिले. पलीकडच्या टोकाला नुसता खांब होता, वाऱ्याने सुतळीचा एक धागा हलत होता. टूट्सीने नाक वर करून बराच वेळ वास घेतला. मग उसासा टाकला आणि आत गेली.